बॅकअपसाठी मोठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क कशी निवडावी?

लॅपटॉपमधली जागा भरत आली की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. मोठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणायची, सगळे फोटो आणि व्हिडिओ तिच्यावर टाकायचे आणि लॅपटॉप रिकामा करायचा. मग आपण निश्चिंतपणे म्हणतो, ‘बॅकअप घेतला.’ प्रत्यक्षात तो बॅकअप नसतो. आधी फाइलची एकच प्रत लॅपटॉपवर होती, आता ती एकच प्रत डिस्कवर आहे. ही डिस्क टेबलावरून पडली तर मुलांच्या लहानपणीचे फोटो, लग्नाचे चित्रण आणि स्कॅन करून ठेवलेली जमिनीची कागदपत्रे एकाच वेळी जाऊ शकतात.

बॅकअप म्हणजे मूळ फाइल जागेवर असताना वेगळ्या ठिकाणी ठेवलेली दुसरी प्रत. त्यामुळे डिस्क घेताना ‘किती टीबीची?’ या प्रश्नाआधी ‘तिच्यावर जे ठेवणार, ते आणखी कुठे असेल?’ हा प्रश्न विचारावा. पुढची बरीचशी निवड त्याच्या उत्तरावर ठरते.

क्षमता किती असावी?

आधी आपल्याकडच्या फाइल मोजा. साधारण ४ एमबीचा एक फोटो धरला तर ५०,००० फोटोंना २०० जीबी जागा लागते. खरी जागा व्हिडिओ खातात. मोबाइलवरचे ४के चित्रण सेटिंगनुसार मिनिटाला साधारण १७० ते ४०० एमबी घेते, म्हणजे तासाभराच्या चित्रणाला १० ते २४ जीबी लागू शकतात.

आज जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट क्षमता घेणे हा सोपा हिशेब आहे. बॅकअपचे सॉफ्टवेअर फाइलच्या जुन्या आवृत्त्याही जपून ठेवते आणि त्यांनाही जागा लागते. मॅकवरील टाइम मशीनसाठी ॲपलही संगणकाच्या साठवणक्षमतेच्या किमान दुप्पट डिस्क सुचवते.

नवी डिस्क विंडोजला जोडल्यावर क्षमता कमी दिसते, पण ती फसवणूक नसते. कंपनी १ टीबी म्हणजे १,००० जीबी मोजते, तर विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे १ टीबीची डिस्क ९३१ जीबी आणि ४ टीबीची सुमारे ३.६ टीबी दिसते.

गरज ३ टीबीची असेल तर ८ टीबीच्या एका डिस्कपेक्षा ४ टीबीच्या दोन डिस्क घेणे शहाणपणाचे. पैसे थोडे जास्त जातील, पण एक डिस्क बिघडली तरी दुसरी हाताशी राहते. मोठ्या डिस्कमुळे जागा वाढते, सुरक्षितता वाढत नाही.

अडीच इंची की साडेतीन इंची?

खिशात मावणाऱ्या पोर्टेबल डिस्कमध्ये अडीच इंची ड्राइव्ह असते. ती यूएसबी केबलमधूनच वीज घेते. बाजारात या प्रकारात मुख्यतः १ ते ५ टीबीच्या डिस्क मिळतात. त्याहून मोठ्या क्षमतेसाठी बहुधा साडेतीन इंची डेस्कटॉप डिस्क घ्यावी लागते. तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. डेटा चढवत असताना वीज गेली तर लिहिली जात असलेली फाइल खराब होऊ शकते, म्हणून जिथे वीज वारंवार जाते तिथे ती यूपीएसवर चालवावी.

बॅकअप घेऊन डिस्क कपाटात ठेवायची असेल तर पोर्टेबल पुरेशी आहे. डिस्क टेबलावर कायम जोडलेली राहणार असेल आणि डेटा खूप असेल, तर डेस्कटॉप प्रकार प्रति टीबी बहुधा स्वस्त पडतो.

हार्ड डिस्क की एसएसडी?

हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि वाचन-लेखनाचे हेड त्यांच्या अगदी जवळून सरकते. त्यामुळे चालू असताना बसलेला धक्का तिला सहज मोडतो. एसएसडीमध्ये हलणारे भाग नसतात. ती वेगवान असते आणि प्रवासात जास्त टिकते, पण त्याच क्षमतेसाठी तिची किंमत बरीच अधिक असते. शिवाय एसएसडी डेटा विद्युतभाराच्या रूपात साठवते. बराच काळ वीज न देता ठेवली, विशेषतः वापरून झिजलेली असेल, तर हा भार हळूहळू ओसरू शकतो. मोठा बॅकअप वर्षानुवर्षे ठेवायचा असेल तर हार्ड डिस्कच व्यवहार्य आहे. रोज सोबत न्यायच्या फाइलसाठी एसएसडी बरी.

एसएमआर आणि सीएमआर म्हणजे काय?

हार्ड डिस्कवर डेटा गोल पट्ट्यांमध्ये लिहिला जातो. सीएमआर पद्धतीत या पट्ट्या एकमेकींशेजारी असतात. एसएमआर पद्धतीत त्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो. पण मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात. तसेच इथे एक भाग बदलताना शेजारचा डेटाही पुन्हा लिहावा लागतो. म्हणून बराच वेळ सलग लिहिताना अशी डिस्क अचानक मंदावते.

जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता तीनच आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. आपण काही मॉडेलमध्ये ठळक उल्लेख न करता एसएमआर वापरत होतो, हे २०२० मध्ये तिघींनीही मान्य केले. मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची डिस्क बहुतांशी याच प्रकारच्या असतात. एकदा लिहून ठेवायच्या बॅकअपसाठी त्याने फारसे बिघडत नाही. डिस्कवरच व्हिडिओ एडिटिंग करायचे असेल तर मात्र सीएमआर किंवा एसएसडी पाहावी.

वेग आणि पोर्ट

पोर्टेबल हार्ड डिस्क साधारण सेकंदाला १०० ते १४० एमबी वेगाने मोठ्या फाइल लिहिते. १२० एमबीचा वेग धरला तर २ टीबी डेटा चढायला साडेचार तासांहून जास्त लागतात. हजारो लहान फाइल असतील तर आणखी वेळ जातो. तीच डिस्क जुन्या यूएसबी २.० पोर्टला जोडली तर हे काम १५-१६ तासांवर जाऊ शकते. यूएसबी ३.० चे पोर्ट बऱ्याच लॅपटॉपवर आतून निळे असते. त्याहून महागड्या वेगवान पोर्टसाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण वेगाची मर्यादा फिरणाऱ्या तबकडीची असते.

फॉरमॅट आणि कुलूप

फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस फॉरमॅट ठेवा. मॅक एनटीएफएस डिस्क वाचू शकतो, पण मूळ सोयीने तिच्यावर लिहू शकत नाही. दोन्हींवर वापरायची असेल तर एक्सफॅट निवडा. जुन्या एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. डेटा चढवण्याआधीच फॉरमॅट ठरवा, कारण फॉरमॅट बदलताना डिस्क पुसली जाते.

डिस्कवर आधार, पॅन किंवा बँकेची कागदपत्रे असतील तर ती पासवर्डने एनक्रिप्ट करावी. पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवा आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीला ती जागा सांगून ठेवा. पासवर्ड हरवला तर आतला डेटाही हरवल्यातच जमा होतो.

बनावट डिस्क ओळखणे

ऑनलाइन ‘१६ टीबी’ची पोर्टेबल डिस्क एक-दोन हजार रुपयांत दिसली तर घेऊ नका. अशा डब्यात अनेकदा छोटे मेमरी कार्ड असते आणि ते संगणकाला खोटी क्षमता सांगते. खरी जागा संपल्यावर फाइल ‘कॉपी’ झाल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. ओळखीच्या कंपनीची डिस्क अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि बिल जपा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम पूर्ण डिस्क भरून तपासतो आणि क्रिस्टलडिस्कइन्फो डिस्कची प्रकृती दाखवतो. ही तपासणी डिस्क रिकामी असतानाच करा, म्हणजे दोष निघाला तर मुदतीत बदलून मागता येते.

वॉरंटीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. साध्या वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा मिळत नाही. डेटा काढून देण्याचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो आणि यशाची खात्री नसते.

डिस्क कुठे आणि कशी ठेवावी?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम इथे उपयोगी पडतो: डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. घरगुती पातळीवर याचा अर्थ एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी घरातल्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाबहिणीकडे किंवा क्लाउडवर. पूर, आग किंवा चोरी झाली तर ही तिसरी प्रतच वाचते.

बॅकअप झाला की डिस्क ‘इजेक्ट’ करून काढून ठेवा. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्रायसारखे खंडणीखोर व्हायरस संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलही कुलूपबंद करतात.

अनेक पोर्टेबल डिस्क ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा उन्हातल्या गाडीत हा आकडा सहज ओलांडला जातो, म्हणून मोठा बॅकअप रात्री किंवा पंख्याखाली घ्यावा. कोकणातल्या पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

बॅकअप उघडून पाहा

१९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ चित्रपटाच्या बहुतांश फाइल चुकीच्या आदेशाने पुसल्या गेल्या. पिक्सार स्टुडिओचा बॅकअप नीट चालत नसल्याचे तेव्हा कळले. गॅलिन ससमन या सहकारी घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीमुळे चित्रपट वाचला.

म्हणून दर तीन-चार महिन्यांनी डिस्क जोडा, नव्या फाइल चढवा आणि जुन्या वर्षांतल्या काही फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा. खटखट आवाज आला, फाइल उघडायला फार वेळ लागला किंवा डिस्क मधेच दिसेनाशी झाली, तर दुसऱ्या प्रतीवरून लगेच नवी प्रत करा. एरवीही डिस्क चार-पाच वर्षांची झाली की नवी घेण्याचा विचार करा. तोवर लॅपटॉपवरची मूळ फाइल पुसण्याआधी प्रत्येक वेळी एक गोष्ट तपासा: ती निदान आणखी दोन ठिकाणी आहे का?