यवतमाळचं संमेलन आणि न झालेलं एक भाषण

आपल्या जिल्ह्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं ते १९७३ मध्ये, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. नंतर थेट ११ ते १३ जानेवारी २०१९, अध्यक्ष अरुणा ढेरे. पहिलं मी पाहिलं नाही. दुसरं मारेगावात बसून मोबाईलवर पाहिलं, अजून डोक्यातून जात नाही.

उद्घाटनाला नयनतारा सहगल येणार होत्या. ‘मराठी संमेलनाला इंग्रजीत लिहिणारी बाई कशाला?’ म्हणून ओरड झाली, उधळून लावायची धमकी आली. विरोध करणाऱ्यांच्या नेत्याने नंतर माघार घेतली, पण तोवर आयोजकांनी निमंत्रण रद्द केलं होतं. पुढे केलेलं कारण भाषेचं. पण याच बाईंनी २०१५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार परत केला होता, हे कोण विसरलं होतं?

गंमत बघा राव. या ‘परक्या’ बाईंचे वडील रणजित पंडित, मराठी घराण्यातले. कल्हणाची ‘राजतरंगिणी’ त्यांनीच संस्कृतातून इंग्रजीत नेली, १९३५ मध्ये छापून आली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेला हा माणूस अनुवादकच होता!

आणि भाषण? ते मंडपात झालंच नाही. मराठीत अनुवाद होऊन पेपरात आलं, व्हॉट्सअॅपवर फिरलं. संमेलनाचं उद्घाटनाचं भाषण एरवी आमच्याकडे कोण वाचतं? हे पानटपरीवर वाचलं गेलं.

रिकाम्या जागी उभ्या राहिल्या वैशाली येडे. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. ‘तेरवं’ नाटकात त्यांनी काम केलं होतं. आपल्याकडं तेरवं म्हणजे काय, हे सांगायला नको. काहींनी हा आयोजकांचा डाव म्हटलं. असेलही. पण कापूस पिकवणाऱ्या घरातली विधवा संमेलनाचं उद्घाटन करते, हे १९७३ मध्ये कोणाच्या मनात तरी आलं असतं का? आणि समोर प्रेक्षकांत काही बायका सहगल यांचा मुखवटा लावून बसलेल्या. म्हणजे मला तरी त्या दिवशी दोघी तिथं होत्या.

इंग्रजीचा एवढा राग असेल तर दया पवारांच्या ‘बलुतं’चं काय करायचं? १९७८ चं पुस्तक, जेरी पिंटोंनी २०१५ मध्ये इंग्रजीत नेलं. गावकुसाबाहेरचं जगणं त्या वाटेने दूरवर पोचलं, तेव्हा आपल्याला अभिमानच वाटला ना?

मला मात्र आपलीच एक गोष्ट टोचते. आपल्या तालुक्यातल्या पोडांवर कोलाम राहतात. कोलामी द्रविड कुळातली भाषा, मराठीशी नातं शेजाराचं. तिच्यावर एमेनो नावाच्या अभ्यासकाने १९५५ मध्ये पुस्तक लिहिलं, तेही इंग्रजीत. आपण बाजारात त्यांच्याशी मराठीतच बोलतो, त्यांच्या भाषेतला एक शब्द मलाही येत नाही.

पोडावरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी कोणी मराठीत उतरवल्या असतील तर कमेंटमध्ये पुस्तकाचं नाव टाका. वाचायच्या आहेत.