भोंगा, कळ आणि हॉर्न रिंग

सुरुवातीच्या मोटारींना स्टिअरिंगवर हॉर्नची कळ नव्हतीच. विसाव्या शतकाच्या आरंभी गाडीच्या कडेला पितळी भोंगा असे आणि त्याचा रबरी फुगा ड्रायव्हर हाताने दाबत असे. बिघडण्यासारखे त्यात फार काही नव्हते. रबर चिरले की नवा फुगा बसवायचा, पितळेला पोचा आला की ठोकून काढायचा.

1908 च्या सुमारास मिलर रीस हचिसन या अमेरिकी संशोधकाचा क्लॅक्सन बाजारात आला. त्यात विजेच्या मोटरीवर फिरणारे दातेरी चाक पडद्यावरच्या खुंटीला घासे आणि कर्कश ‘आऊगा’ उमटे. 1921 मध्ये जर्मनीच्या बॉशने विद्युतचुंबकी हॉर्न आणला. चुंबक पडदा ओढतो, त्याच ओढीने विजेच्या जोडणीचे पॉइंट उघडून प्रवाह तुटतो, पडदा मागे जातो आणि पॉइंट पुन्हा जुळतात. हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा चालते. पॉइंट जळले तर ते बारीक पॉलिश पेपरने घासून मागचा स्क्रू थोडा फिरवला, की बसलेला आवाज बहुधा सुटतो.

हात स्टिअरिंगच्या चाकावरून न काढता हॉर्न वाजावा म्हणून कळ चाकाच्या मध्यावर गेली. 1950 च्या दशकात तर क्रोमची हॉर्न रिंग हे गाडीचे भूषणच होते. वायरमनची खरी डोकेदुखी मात्र इथूनच सुरू झाली. फिरत्या चाकात वायर थेट नेली तर ती पिळून तुटणार. म्हणून चाकाखाली तांब्या-पितळेची चकती आणि तिच्यावर स्प्रिंगने टेकलेला कार्बन किंवा धातूची पट्टी, अशी योजना झाली. बहुतेक गाड्यांत कळ फक्त अर्थ, म्हणजे बॉडीशी विजेची जोडणी, देते. कार्बन झिजला, चकतीवर ग्रीस वाळले किंवा स्टिअरिंगच्या नळीला नीट अर्थ मिळेना, की हॉर्न मुका. उलट इन्सुलेशन चिरले की तो थांबतच नाही. त्यामुळे जाणता कारागीर चाक उतरवण्याआधी कळीकडे जाणारी वायर बॉडीला टेकवून पाहतो. हॉर्न वाजला, तर दोष चाकात किंवा नळीच्या अर्थमध्ये. सहा व्होल्टची गाडी बारावर नेताना जुना हॉर्न तसाच ठेवला, तर त्याची कॉइल जळू शकते. जुन्या अमेरिकी गाड्यांत हे विसरले जाते.

मुंबईत हे कसब टिकण्यात टॅक्सींचा मोठा वाटा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट 1100 आणि पुढे पद्मिनी घडवली. काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 पर्यंत रस्त्यावर होत्या. दिवसभर हॉर्न वाजवणाऱ्या टॅक्सीवाल्याला तो तासाभरात दुरुस्त हवा असे.

एअरबॅग आल्यावर चकतीची जागा गुंडाळलेल्या पट्टीने घेतली. ती बिघडली की सबंध भाग बदलतात. जुन्या गाडीचा मूळ भाग मिळाला नाही, तर चकती लेथवर कातून घेता येते आणि कार्बन दुसऱ्या यंत्राचा घासून बसवता येतो.