विहिरीतला फुटबॉल

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग लग्नसराई, मग कंटाळा. पण मागच्या रविवारी भाच्याचा फोन आला आणि त्या फोनपायी पन्नास वर्षांपूर्वीचं एक प्रकरण असं काही वर आलं की लिहिल्याशिवाय सुटका नाही.

हा भाचा गोव्यात असतो. शिडाच्या बोटींवर काम करतो. आता परभणी जिल्ह्यातल्या, देवगाव फाट्याजवळच्या पोराचा आणि समुद्राचा काय संबंध, असं त्याच्या आजीनं विचारून झालेलं आहे. आमच्या फाट्यावरून एक रस्ता सेलूकडं जातो, एक मंठ्याकडं, एक जिंतूरकडं. समुद्राकडं एकही जात नाही. तरी पोरगं गेलं.

फोनवर म्हणाला, "मामा, इंजिन गरम व्हायलंय. मागून पाणीच येईना."

"शिडाच्या बोटीला इंजिन कशाला रे?" माझा पहिला प्रश्न. (तुमचाही असेल.) तर म्हणे, वारा पडला किंवा बंदरात शिरायचं असलं की इंजिन लागतं, शिवाय बॅटर्‍या चार्ज करायला. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' घेऊन एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती बोट गोव्यातच बांधलेली. त्या बोटीतसुद्धा इंजिन होतंच. असो.

बोटीच्या डिझेल इंजिनाची पाण्याची व्यवस्था त्यानं मला समजावली. बुडाशी एक भोक, त्याला झडप. तिथून समुद्राचं पाणी आत येतं, एका जाळीतून गाळून पंपात जातं. पंपात रबराचं पाकळ्यांचं चाक असतं, त्याला इंपेलर म्हणतात. ते पाणी पुढं ढकलतं. इंजिनाच्या आत मात्र खारं पाणी फिरवत नाहीत, गंज चढतो. आत वेगळं गोडं पाणी खेळत असतं आणि समुद्राचं पाणी एका नळकांड्यात त्याला नुसतं गार करून, धुराबरोबर मागच्या नळीनं बाहेर पडतं. म्हणून बोटवाले इंजिन चालू केलं की आधी मागं वाकून बघतात. धुरासोबत पाण्याच्या चुळा पडतायत ना? पडत नसतील तर इंजिन बंद.

हे ऐकताना मला हसू आलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, हेच करायचे. हँडल मारून इंजिन धरलं, डुगडुग सुरू झालं, की आधी दांडाच्या पाटाकडं न बघता इंजिनाच्या अंगावरच्या बारीक नळीकडं बघायचे. त्यातून गरम पाण्याची धार पडायला लागली की मग तंबाखू काढायचे.

तरुण वाचकांसाठी सांगतो. शेतातल्या जुन्या पाण्यावरच्या इंजिनाला वेगळा कूलिंग पंप नसायचा. विहिरीतून पाणी ओढणार्‍या पंपाच्याच डिलिव्हरीला एक बारीक पाईप जोडायचा, तो इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवून बाहेर सोडायचा. म्हणजे पिकाला पाणी चाललंय तोवर इंजिनालाही चाललंय. पंपानं पाणी सोडलं की पीकही तहानलेलं आणि इंजिनही. अशी ती एकमेकांत अडकलेली जोडी!

ही इंजिनं आपल्याकडं आली कुठून, हा माझा जुना छंदाचा विषय. डिझेल हे मुळात माणसाचं नाव आहे हे फाट्यावर सांगितलं तर अजून लोकांना खोटं वाटतं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथं नीट चालून दाखवलं गेलं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं. आणि १९१३ मध्ये हाच डिझेल इंग्लंडला जाताना बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. पुढं समुद्रात प्रेत सापडलं. डिझेल इंजिन आणि बोट यांचं नातं असं सुरुवातीपासूनच घोर लावणारं.

महाराष्ट्रात या गोष्टीला दोन गावं महत्त्वाची. एक सातारा. तिथं धनजीशहा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला, आधी लोखंडी नांगर आणि मग इंजिनं. भारतातलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून त्यांच्या १९३३ च्या इंजिनाचं नाव घेतात. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत). इंजिन बनवणारा मुख्यमंत्री आपल्याला एकदा मिळाला होता, आपण विसरून गेलो.

दुसरं गाव म्हणजे किर्लोस्करवाडी, आणि पुढं पुण्याजवळची खडकी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर वाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना, कारण लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी समजूत. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आले आणि १९४६ मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. पाच घोड्यांचं 'एव्ही-१' हे तिथलं गाजलेलं इंजिन. हे मॉडेल मुळात इंग्लंडच्या पेटर कंपनीचं. पेटरची इंजिनं तिकडं शेतातही चालत आणि बोटींवरही. म्हणजे माझ्या भाच्याची बोट आणि आमची विहीर ही लांबची का होईना, भावकीच निघाली.

आमच्याकडं हे सगळं उशिरा पोचलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. विहिरीवर मोट. बैलांची नाडा ओढत उतरण, पाणी ओतलं की मागं सरकण, दिवसभर तेच. अण्णांनी इंजिन घेतलं ते साठच्या दशकाच्या शेवटी. मीटरगेज रेल्वेनं सेलूला उतरलं, तिथून बैलगाडीनं शेतात. आईनं इंजिनाला हळदकुंकू लावलं होतं. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोच्या लाल भाकरी. विहिरीचं मात्र कमी लिहिलं जातं. पाणी खाली खाली गेलं आणि एक नवीनच अडचण सुरू झाली. पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे पंप फक्त नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. या दाबाची ताकद फार तर चौतीस फुटांची. गॅलिलिओच्या १६३८ च्या पुस्तकात हे कोडं आलंय, की पंप अमुक उंचीच्या वर पाणी का चढवत नाही. उत्तर पुढं त्याच्या शिष्यानं, तोरिचेल्लीनं, १६४३ च्या सुमारास पारा भरलेल्या नळीनं दिलं. आमचा भाग समुद्रसपाटीपासून चारेकशे मीटर उंच, त्यामुळं आणखी थोडं कमी. प्रत्यक्षात सांध्यातली गळती वगैरे धरून वीस-बावीस फुटांच्या पुढं भरवसा नाही.

अण्णांना तोरिचेल्ली माहीत नव्हता, पण वीस फूट माहीत होते. विहिरीतलं पाणी पस्तीस फुटांवर गेल्यावर त्यांनी तेच केलं जे तेव्हा गावोगाव चाललं होतं. विहिरीच्या आत, निम्म्यावर, दोन लोखंडी गर्डर टाकून माळा केला आणि इंजिन त्यावर उतरवलं. धूर बाहेर जावा म्हणून पत्र्याची लांब नळी वर काढली.

१९७३ ची जानेवारी. मी दहा वर्षांचा. दीड एकर गहू उभा होता, ओंब्या भरायच्या बेतात. त्या दीड एकरावर घरातली नऊ माणसं वर्ष काढणार होती. सकाळी पाणी सुरू झालं आणि अर्ध्या तासात पाटातलं पाणी बंद. इंजिनाचा आवाज मात्र चालूच. काका पायर्‍यांनी खाली गेले. आमचे मिस्त्री सेलूहून येईपर्यंत थांबावं असं अण्णा म्हणत होते, पण गरम होऊन इंजिन धरलं तर नवीन कुठून आणणार? काका उतरले ते उतरलेच. हाक मारली, उत्तर नाही. इंजिन डुगडुगतंय आणि माणूस गप्प, हे मला अजून ऐकू येतं.

अण्णांनी आधी पळत जाऊन ओला पंचा तोंडाला बांधला. (ओल्या पंच्यानं तो वायू अडत नाही, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.) श्वास धरून उतरले, डिझेलची कॉक बंद केली, काकांच्या काखेत नाडा अडकवला आणि वर आले. मोटेचाच नाडा. दोन गड्यांनी ओढून काढलं. काकांचा चेहरा पांढरा पडायच्या ऐवजी लालसर दिसत होता, त्याचं तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. कार्बन मोनॉक्साइडची ती खूण असते. त्याला वास नाही, रंग नाही. धुराच्या नळीचा खालचा सांधा निखळला होता, एवढंच.

काका वाचले. पण पुढं आयुष्यभर नावं विसरायचे. मला कधी माझ्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारायचे. आम्ही हसायचो. आता हसू येत नाही. विहिरीत उतरवलेल्या इंजिनाच्या धुरानं माणसं गेल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या आणि अगदी अलीकडंही वाचल्यात, म्हणून हे सविस्तर लिहिलं. चालू इंजिन विहिरीत असेल तर उतरू नका. बंद केल्यावरही लगेच नको.

दुपारी मिस्त्री आले. इंजिन गार होतं, विहीर मोकळी झालेली. त्यांची पद्धत अशी की इंजिनाला हातच लावायचा नाही. पाणी जिथून सुरू होतं तिथून निघायचं. सक्शन पाईपच्या तळाशी असते ती फुटव्हॉल्व, जिला आमच्याकडं सगळे 'फुटबॉल' म्हणतात. (लहानपणी मला वाटायचं खरंच विहिरीत चेंडू आहे.) ती एकतर्फी झडप. पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. पंपात आणि पाईपात पाणी भरलेलं नसेल तर आपला पंखा नुसता हवेत फिरतो, पाणी उचलत नाही. म्हणून तर वरून बादलीनं पाणी ओतायचं. फुटबॉल गळका असेल तर ओतलेलं सगळं खाली. मिस्त्रींनी पाईप वर घेतला, फुटबॉल उघडला. जाळीचा एक कोपरा फाटला होता आणि झडपेत लिंबाची काडी अडकली होती. करंगळीएवढी.

काडी काढली तरी मिस्त्री नट आवळेनात. काडीचं एक टोक ताजं मोडलेलं दिसत होतं. "उरलेला तुकडा कुठाय?" म्हणाले. पंप खोलला. पंख्याच्या तोंडाशी तो निघाला. मगच जोडणी केली. संध्याकाळी पाणी सुरू झालं, इंजिन पुन्हा विहिरीच्या वर आणून, पाणी दोन टप्प्यांत उचलून. गहू आला, चार पोती. इंजिन मात्र अण्णांनी परत कधी खाली नेलं नाही. पुढच्या वर्षी तेलाच्या जागतिक भानगडीत डिझेल महागलं आणि अण्णांनी विजेच्या मोटारीसाठी अर्ज केला, तो वेगळाच इतिहास. लिहीन कधीतरी.

तर भाच्याचा फोन.

त्यानं झडप पाहिली होती, उघडी होती. गाळणीत प्लॅस्टिकची पिशवी सापडली, काढली. तरी पाणी नाही. मग पंपाचं झाकण उघडलं तर रबराच्या चाकाच्या सहा पाकळ्यांपैकी तीन गायब. हे बरोबरच. आपला शेतातला पंप थोडा वेळ कोरडा फिरला तरी लगेच मरत नाही, पण हे रबराचं चाक पाण्याच्याच वंगणावर फिरतं. पिशवीनं पाणी अडलं की मिनिटा-दोन मिनिटांत रबर जळून तुटतं. त्याच्याकडं नवीन इंपेलर होता, तो बसवला. पाणी आलं, पण बारीक. इंजिन परत तापलं.

"आता काय राहिलं, मामा?"

मी बोटीवर आयुष्यात बसलेलो नाही. पण मी विचारलं, "तीन पाकळ्या तुटल्या ना? मग ते तुकडे गेले कुठं?"

पलीकडं थोडा वेळ नुसता वारा.

रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. जेवायच्या ताटलीत रबराचे तीन काळे तुकडे. दोन नळीच्या वळणात सापडले होते, तिसरा त्या गार करणार्‍या नळकांड्याच्या तोंडाशीच आडवा बसला होता. पाणी आता भरपूर पडतंय म्हणे.

फोटो आईला दाखवला. ब्याण्णव वर्षांची आहे, तिला हे इंजिन-बिंजिन काही कळत नाही असं आम्ही धरून चालतो. तिनं चष्मा लावून ताटली नीट पाहिली आणि म्हणाली, "धुराची नळी पण बघितली का म्हणावं त्यानं?"

लगेच फोन लावला.