नव्वद बोल्ट, सत्तावीस तास

९ जून १९९०, पहाटे ३ च्या सुमारास
बर्मिंगहॅम विमानतळ, ब्रिटिश एअरवेजचा हँगर. बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॅप्टनसमोरची काच बदलायची आहे. पाळीत माणसं कमी, म्हणून पाळीप्रमुख स्वतःच कामाला लागतो आणि जुन्या काचेचे ९० बोल्ट काढतो.

त्यानंतर
नवे बोल्ट आणायला तो भांडारात जातो. निघालेले बोल्ट ७डी मापाचे आहेत. भांडारातला माणूस सांगतो, या काचेला ८डी लागतात. त्याचं बरोबर आहे. पण ७डीनं चार वर्षं काच धरून ठेवली होती, मग तेच बसवावेत असं पाळीप्रमुखाला वाटतं. तेवढे ७डी तिथे नाहीत. तो गाडी काढून दुसऱ्या भांडारात जातो. तिथे कोणी नाही, उजेड अपुरा. जुना बोल्ट शेजारी धरून नजरेनंच जुळवत तो नवे उचलतो. हाती येतात ८सी. व्यासाला फक्त ०.६६ मिलिमीटरनं बारीक, आणि आटे दोन्हींना इंचाला बत्तीसच! म्हणून तर ते नटात गुमान फिरत गेले.

पहाटे ५ नंतर, उड्डाणाला २७ तास
८४ बोल्ट बारीक, ६ आखूड ७डी. हातातला स्क्रूड्रायव्हर ठरावीक जोर लागला की खटकन सुटणारा. इथे मला थांबावंसं वाटतं. मोटरसायकलचं इंजिन खोलून बांधताना मी ही फसगत बोटांनी अनुभवली आहे. बोल्ट आवळत येतो, मग किंचित सैल पडतो. आटे जाताहेत की तो बसला, हे त्या क्षणी कळत नाही. पाळीप्रमुखाच्या हातात तर अवजारच खटका देणारं होतं. आट्यावरून आटा घसरल्याचा झटका त्याला जोर पुरा झाल्याचा वाटला. बोल्टांची डोकी खळग्यात जास्तच खोल गेली होती. पण काचेकडे झुकून, हात ताणून काम करताना ती त्याला नीट दिसली नाहीत. हा माणूस निष्काळजी नव्हता. काम अंगावर घेऊन ते उरकण्याची त्याची तळमळ होती, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं.

९ जून, दिवस आणि रात्र
काहीच होत नाही. माझ्या मते खरा अपघात इथे घडला. ज्या कामांवर दुसऱ्या माणसाची तपासणी सक्तीची होती त्यांत ही काच नव्हती. हवेचा दाब भरून पाहण्याचीही अट नव्हती. गॅरेजमध्ये बांधलेलं इंजिन आम्ही एकदा चालवतो, पूर्ण थंड होऊ देतो आणि हेडच्या नटांना पुन्हा पाना लावतो. गॅस्केट दबलेली असते, काल घट्ट वाटलेला नट आज पाव फेरा घेतो. शक्यतो पाना दुसऱ्याच्या हातात द्यायचा, कारण आपलं बोट आपल्याच चुकीला रुळलेलं असतं. विमान मात्र तसंच उभं होतं. पुढचं उड्डाण हीच त्या काचेची पहिली परीक्षा.

१० जून, सकाळी ८:२०
मालागाकडे उड्डाण. ८१ प्रवासी, ६ कर्मचारी.

८:३३
१७,३०० फूट. या विमानात काच बाहेरून बसवलेली, त्यामुळे आतल्या हवेचा सगळा रेटा बोल्टांवरच. स्फोटासारखा आवाज होऊन काच निघून जाते. कॅप्टन टिम लँकास्टर कमरेपर्यंत बाहेर खेचले जातात. परिचारक नायजेल ऑग्डेन धावत येऊन त्यांच्या कमरेला मिठी घालतात. कॉकपिटचं दार उखडून आत आदळलेलं आहे.

८:३३ ते ८:५५
सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन वाऱ्याच्या गोंगाटात विमान खाली आणतात. रेडिओवरचं उत्तर त्यांना धड ऐकू येत नाही. ऑग्डेनचे हात गारठून निकामी होतात, तेव्हा त्यांचे सहकारी पकड घेतात. कॅप्टन गेले असंच सगळ्यांना वाटतंय. तरीही सोडायचं नाही, सोडलेला देह पंखात किंवा इंजिनात गेला तर सगळेच संपतील.

८:५५
साउथॅम्प्टनला विमान उतरतं. लँकास्टर जिवंत आहेत. उजवा हात मोडलाय, मनगट आणि अंगठाही. कातडी थंडीनं भाजलेली. पाच महिन्यांच्या आत ते पुन्हा विमान चालवू लागले.

काच ऑक्सफर्डशायरमधल्या चोल्सीजवळ सापडली. तिच्यासोबत काही बोल्टही होते, ८सीचे.