खोऱ्यातले विहार : धर्मानंद, बाबासाहेब आणि नेपाळचा धडा

हिमालयातल्या बौद्ध विहारांविषयी आपल्या समाजात एक भाबडी ओढ आहे. लडाख, स्पिती, सिक्कीम, काठमांडू ही नावे उच्चारली की आपला हरवलेला धम्म तिथे कुठेतरी बर्फाआड सुरक्षित राहिला आहे असे आपल्याला वाटू लागते. आज पुण्याच्या कडेच्या सूससारख्या गावातला तरुणही चार पैसे गाठीशी बांधून तिकडे जाऊ शकतो, पताका आणि छायाचित्रे घेऊन परत येऊ शकतो. जाण्यात काही गैर नाही. पण मराठी बोलणारी दोन माणसे फार पूर्वी अशाच एका खोऱ्यात बुद्धाच्या संदर्भात जाऊन आली होती. पहिले धर्मानंद कोसंबी, १९०२ साली. दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १९५६ साली. चोपन्न वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन भेटी एकमेकींशेजारी ठेवून तपासण्याचे काम आपल्याकडे पुरेसे झालेले नाही. ते आज केले पाहिजे, कारण त्या खोऱ्याने शिकवलेला धडा आपल्या दारापर्यंत येऊन पोचला आहे.

१९०२ चे काठमांडू खोरे म्हणजे बंद पेटी होती. राणा घराण्याने देशाचे दरवाजे लावून घेतले होते. रक्सौलच्या बाजूने तराईचे जंगल, पुढे भीमफेदी, सिसागढी आणि चंद्रागिरीचा चढ ही त्या काळची नेहमीची पायवाट. परक्या माणसाला परवान्याशिवाय आत प्रवेश नव्हता. शिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेसाठी येणाऱ्या हिंदू यात्रेकरूंना तेवढी सवलत असे. बुद्धाच्या स्तूपांकडे जाणारी वाट अशी पशुपतीच्या दारावरून जात होती, हे ध्यानात ठेवावे.

गोव्यातल्या सांखवाळचा हा सारस्वत ब्राह्मण तरुण त्या वाटेला का लागला? 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातले बुद्धचरित्र वाचून त्याच्या मनाने उचल खाल्ली. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा म्हणून १८९९ साली त्याने घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास केला, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन केले आणि एका नेपाळी विद्यार्थ्याच्या सोबतीने नेपाळ गाठले. आपल्या 'निवेदन' या आत्मकथनात धर्मानंदांनी ही सारी हकीकत सांगितली आहे. ज्या बौद्ध धर्माच्या शोधात ते डोंगर चढले, त्याची तिथली अवस्था पाहून ते निराश झाले. स्तूप होते, विहार होते, मूर्ती होत्या. बुद्धाचा मार्ग शिकवणारा कोणी त्यांना भेटला नाही.

ही निराशा एका विद्यार्थ्याची व्यक्तिगत निराशा म्हणून सोडून देता येणार नाही. ती का झाली, याचे कारण त्या खोऱ्याच्या समाजरचनेत आहे.

काठमांडू, पाटण आणि भक्तपूर या तीन शहरांत नेवार बौद्धांचे विहार आहेत. त्यांना तिथे 'बहाल' म्हणतात. चौक, भोवती घरे, समोर देवघर अशी त्यांची मांडणी. भिक्षूंची वस्ती असलेल्या जुन्या विहारांतूनच ही रचना आली. पण मल्ल राजांच्या काळापर्यंत ब्रह्मचारी भिक्षुसंघ मागे पडत गेला आणि विहार गृहस्थांच्या घराण्यांकडे गेले. आज बहालाचा सदस्य कोण? ज्याचा बाप सदस्य होता तो. शाक्य आणि वज्राचार्य या दोन कुळांतल्या मुलाचे लहानपणी मुंडण होते, त्याला चीवर दिले जाते, तो चार दिवस भिक्षू राहतो आणि चौथ्या दिवशी चीवर उतरवून घरी परततो. तेवढ्यावर तो जन्मभर बहालाचा हक्कदार ठरतो. वज्राचार्याच्या मुलाला आणखी एक संस्कार मिळून पौरोहित्याचा अधिकार प्राप्त होतो. बुद्धाच्या संघात उपाली न्हावी आणि सुनीत भंगी यांना जी जागा प्रव्रज्येने मिळाली, ती इथे गर्भाशयाने मिळू लागली. विहार होता तिथेच राहिला, त्याचे दार मात्र जन्माच्या कुलुपाने बंद झाले.

जात आली की तिच्या पायऱ्याही येतात. वर बहालाचे पुरोहित, त्यांच्या खाली व्यापारी, त्यांच्या खाली शेतकरी ज्यापू, आणि सर्वांच्या तळाशी, गावकुसाबाहेर, झाडूकाम करणारे पोडे. पोड्यांच्या हातचे पाणी चालत नसे. चौदाव्या शतकातल्या जयस्थिती मल्ल राजाने ही जातींची उतरंड बसवली असे तिथली परंपरा सांगते. राजा एक असो की अनेक, उतरंड बसली हे खरे. १८५४ साली जंगबहादूर राणाने मुलुकी ऐन या कायद्याने तिच्यावर राज्याचा शिक्का मारला. पाणी कोणाचे चालते, कोणाचे चालत नाही, कोणाच्या स्पर्शानंतर अंगावर पाणी शिंपडून घ्यायचे, हे सरकारी कलमांत लिहिले गेले. त्या कायद्याने बौद्धांनाही जातींच्या यादीत बसवले, आणि बौद्ध पुरोहितवर्ग त्या यादीत वरच्या बाजूला निमूट बसला. धर्मानंद ब्राह्मण होते म्हणून या खोऱ्यात ते निराश होऊन परत येऊ शकले. त्याच वर्षी आपल्यातला कोणी बुद्धाच्या ओढीने तिथे गेला असता, तर त्याच्यापुढे निराशेच्या आधी कलम उभे राहिले असते.

याच खोऱ्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावर नालंदा आणि विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्यानंतर बौद्धांचे संस्कृत वाङ्मय भारताच्या मैदानातून जवळजवळ पुसले गेले. ते वाचले नेपाळच्या बहालांत, पिढ्यान् पिढ्या नकलून ठेवलेल्या पोथ्यांत. ब्रायन हॉजसन या ब्रिटिश रेसिडेंटने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या पोथ्या गोळा करून कलकत्ता, लंडन, पॅरिसला पाठवल्या आणि त्यांच्यावर युरोपातला बौद्धविद्येचा अभ्यास उभा राहिला. त्या पोथ्यांत एक होती 'वज्रसूची'. अश्वघोषाच्या नावावर चालत आलेला हा छोटा ग्रंथ जन्माने ब्राह्मण ठरतो या कल्पनेवर एकामागून एक तर्काचे घाव घालतो. हॉजसनने १८२९ च्या सुमारास त्याचा इंग्रजी अनुवाद पुढे आणला. १८३९ साली ती पोथी छापली गेली, तेव्हा सुबाजी बापू या मराठी ब्राह्मण पंडिताने तिचे केलेले खंडनही तिच्यासोबत छापले गेले. ब्राह्मण पंडिताला त्या पोथीतला विस्तव ओळखता आला. ज्यांच्या घरात ती शतकानुशतके होती त्यांनी तिला हळदकुंकू वाहिले. जातिभेदाचे खंडन पेटीत आणि जातिभेद अंगणात, अशी ही सोय होती. ग्रंथ जपल्याने विचार जपला जातो, हा समज या एका उदाहरणाने निकालात निघावा.

धर्मानंदांनी नेपाळमधून काय निष्कर्ष काढला? मूळ बुद्धवचन शोधले पाहिजे, हा. ते बुद्धगयेमार्गे त्याच वर्षी सिंहलद्वीपाला गेले, विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकले, श्रामणेर झाले. पुढे त्यांनी जे कार्य केले त्याचे ऋण आपल्यावर आहे. बुद्ध मराठीत आणण्याचे फार मोठे काम या एका माणसाने केले. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. त्या महाविद्यालयातून पश्चिमेला निघून पाषाण ओलांडले की सूस येते. सूसच्या महारवाड्यातल्या पोराला पालीच्या त्या वर्गापर्यंत पोचायला अजून किती पिढ्या लागणार होत्या? हा प्रश्न धर्मानंदांवरचा आरोप म्हणून विचारलेला नाही. पुढे १९३० च्या दशकात त्यांनीच परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभा केला. अंतर कुठे आहे हे त्यांना दिसले होते. पण ग्रंथ शुद्ध करून धर्म शुद्ध होतो ही त्यांच्या मार्गाची सीमा होती. बुद्धवचन सापडले. ते ज्यांना हवे होते तो समाज अजून गावकुसाबाहेरच होता.

दरम्यान त्या खोऱ्यातही हालचाल सुरू झाली होती. काही नेवार तरुणांनी बहालाबाहेर पडून थेट चीवर धारण केले. त्यांत महाप्रज्ञा हे हिंदू घरात जन्मलेले होते. हिंदूने बौद्ध होणे हा राज्याच्या दृष्टीने गुन्हा, म्हणून १९२६ साली त्यांना सहकाऱ्यांसह हद्दपार केले गेले. १९४४ साली आणखी आठ भिक्षूंना देशाबाहेर काढले. शतकानुशतके बहाल चालू होते, तेव्हा राज्याला त्यांची भीती वाटली नाही. जन्माचा नियम मोडून माणसे धम्मात येऊ लागली त्या दिवशी राज्य जागे झाले. कोणता बौद्ध धर्म सत्तेला चालतो आणि कोणता चालत नाही, याची याहून स्वच्छ कसोटी सापडणार नाही. हद्दपार झालेल्यांनी सारनाथला धर्मोदय सभा स्थापन केली. १९५१ साली राणाशाही कोसळली आणि पाच वर्षांनी जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन काठमांडूत भरले.

त्या अधिवेशनाला बाबासाहेब गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली होती, त्यानंतर सदतीस दिवसांनी, २० नोव्हेंबरला, बाबासाहेब काठमांडूत बोलले. शरीर खचलेले होते. पुढे सोळाच दिवसांचे आयुष्य होते. स्तूपांचे गुणगान गाणे त्या प्रसंगी सोपे होते. जमलेल्या भिक्षूंपुढे आणि प्रतिनिधींपुढे बाबासाहेबांनी विषय मांडला तो बुद्ध आणि कार्ल मार्क्स. मार्क्स ज्याला शोषण म्हणतो त्याला बुद्धाने दुःख म्हटले. दोघांचे ध्येय जवळचे, पण मार्ग वेगळे. एकाचा मार्ग हिंसेचा आणि हुकूमशाहीचा, दुसऱ्याचा माणसाचे मन बदलण्याचा. खाजगी मालमत्ता सोडण्याचा नियम बुद्धाच्या संघात किती कडक होता, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. बौद्ध देशांतल्या तरुणांनी दारिद्र्याचे उत्तर मागितले तर धम्मापाशी ते आहे काय, हा त्या भाषणाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता.

ज्या शहरात हे भाषण झाले, तिथे १८५४ चा मुलुकी ऐन दुरुस्त्यांसह अजून चालू होता. त्याची जागा घेणारा नवा ऐन १९६३ साली आला. म्हणजे बाबासाहेब शोषणाविषयी बोलत होते तेव्हा सभागृहाबाहेर पोड्याची वस्ती होती आणि बहालांचे चौकही होते. धर्मानंदांनी त्या खोऱ्यात धर्माचा ऱ्हास पाहिला आणि उपाय ग्रंथांत शोधला. बाबासाहेब त्याच खोऱ्यात उपाय पाठीशी घेऊन गेले. तो उपाय नागपूरच्या मैदानावर उभा असलेला समाज होता. संघ पूर्ण पुरुष घडवण्यासाठी आहे की समाजाची सेवा करण्यासाठी, हा प्रश्न 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी विचारला आहे. काठमांडूच्या बहालांपाशी या प्रश्नाचे एकही उत्तर नव्हते, कारण तिथे संघच उरला नव्हता. उरले होते वारसदार.

आता आपल्याकडे पाहू. धर्मांतराला साठ वर्षे उलटून गेली. धम्मदीक्षा न घेताच बौद्ध असणारी, म्हणजे बौद्ध घरात जन्मली म्हणून बौद्ध असणारी, तिसरी-चौथी पिढी आपल्यात वाढते आहे. यात दोष कोणाचा नाही. प्रत्येक धर्माचे असे होते. पण नेवारांच्या इतिहासाने दाखवले आहे की धोक्याची सुरुवात इथूनच होते. विहारात बुद्धवंदना म्हणायची आणि मुलीचे स्थळ पाहताना मूळ जात विचारायची. मातंग, चर्मकार बांधव धम्माकडे आला तर त्याचे जाहीर स्वागत करायचे आणि घरातल्या सोयरिकीची गोष्ट निघाली की गप्प बसायचे. विहाराच्या समितीत तीच घराणी, तीच आडनावे. बुद्धपौर्णिमेला मिरवणूक आणि उरलेले वर्षभर कुलूप. हे बहालाचे मराठी भाषांतर नाही तर काय आहे?

कोणी म्हणेल, सरकारच आम्हाला जात लिहायला लावते. १९५० च्या आदेशाने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळले, त्या मिळवायला १९९० पर्यंत लढावे लागले, आणि आजही दाखल्यावर जातीचे नाव लागते. हे खरे आहे. जातीने केलेले नुकसान मोजायला जातीचे नाव लागते, त्यात लाज नाही. पण दाखला तहसील कचेरीत ठेवायचा असतो. तो लग्नाच्या मांडवात आणि विहाराच्या समितीत आणण्याची सक्ती कोणत्याही सरकारने आपल्यावर केलेली नाही. ती आपणच करून घेतो.

तेव्हा सूसच्या किंवा आणखी कोणत्या गावच्या तरुणाने काठमांडूला अवश्य जावे. स्वयंभूच्या पायऱ्या चढाव्यात, पाटणचे बहाल पाहावेत, तिथल्या कारागिरीला दाद द्यावी. फक्त चौकात उभे राहिल्यावर एक गोष्ट विचारावी : इथे सदस्य कसे होता येते? मग गावी परतल्यावर तोच प्रश्न आपल्या वस्तीतल्या विहाराला विचारावा. आपल्या समितीत दुसऱ्या जातीतून आलेले किती, स्त्रिया किती. विहारात वर्ग किती दिवस भरतो. गेल्या दहा वर्षांत पोटजात ओलांडून किती लग्ने आपण लावली. ही उत्तरे कागदावर मांडून समितीपुढे ठेवावीत. बहाल व्हायला नेवारांना काही शतके लागली. आपल्याला तेवढा वेळ लागेलच, असे समजण्याचे कारण नाही.