फसवणूक होऊ शकते, हे आधी सांगावे का?

गेल्या वर्षी नगरमधील एका महाविद्यालयात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मला ‘स्मरणशक्तीच्या चाचणी’साठी बसवले. शेवटी कळले, की शेजारचा ‘सहभागी’ त्यांचाच माणूस होता. त्याच्या चुकीच्या उत्तरांमागे मी किती वेळा जातो, हे ते मोजत होते. राग आला नाही. पण मी संमती दिली ती नेमकी कशाला? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासावर.

१९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्राम यांनीही स्मृती आणि अध्ययनाचेच निमित्त सांगून माणसे बोलावली. मोबदला चार डॉलर, शिवाय प्रवासासाठी पन्नास सेंट. समोरच्याने चूक केली, की त्याला विजेचा वाढता धक्का द्यायचा. यंत्र खोटे होते, धक्के खाणारा ठरवून बसवलेला. पहिल्या मालिकेतील ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या खटक्यापर्यंत गेले. त्यांना फुटलेला घाम आणि हातांची थरथर मात्र खरी होती. १९६४ मध्ये डायना बाऊमरिंड यांनी नेमके यावरच बोट ठेवले: प्रयोगशाळेत येणारा माणूस संशोधकावर विश्वास टाकून येतो.

मग सारे आधीच सांगून टाकले तर? १९७३ मध्ये रेस्निक आणि श्वार्ट्‌झ यांनी ते करून पाहिले. ठरावीक सर्वनामाने वाक्य सुरू केले, की प्रयोगकर्ता शाबासकी देई. अनभिज्ञ लोक नकळत तीच सर्वनामे अधिक वापरू लागले; ज्यांना हेतू सांगितला होता, ते उलट वागले!

यातून मधली वाट निघाली. अमेरिकेतील वेंडलर आणि मिलर यांनी २००४ मध्ये सुचवले, की काय लपवले आहे ते सांगू नये, पण काहीतरी लपवले आहे हे जरूर सांगावे. माझ्या मते, आजवरच्या उपायांत हाच सर्वांत प्रामाणिक.

आपल्याकडे ही चर्चा उशिरा आली. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक तत्त्वे प्रसिद्ध केली ती २००० साली. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीचा स्वतंत्र विचार आहे: नैतिकता समितीने असा प्रयोग काटेकोरपणे तपासावा आणि नंतर सहभागींना खरे काय ते सांगावे.

माझ्या संमतिपत्रावर पूर्वसूचनेची ओळ नव्हती. असती, तरी मी बसलो असतो. शेजाऱ्याकडे मात्र जरा निरखून पाहिले असते.