बेवारस पांखरांची मरी



औंध हें आमचें गांव सह्याद्रीच्या पूर्वेस, खटाव तालुक्याच्या कोरड्या मुलखांत आहे. अशा गांवच्या एका सेवानिवृत्त शिक्षकानें समुद्रपक्ष्यांवरील मरीविषयीं बोलावें, हें आपणांस थोडें विचित्र वाटेल. परंतु मी या विषयाकडे वळलों तो समुद्राच्या वाटेनें नव्हे, तर माझ्या परसांतील चिंचेच्या वाटेनें.

२०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा या गांवीं शेंकडों कोंबड्या मेल्या व त्यांस बर्ड फ्ल्यू, म्हणजे पक्ष्यांचा इन्फ्ल्यूएंझा, झाला होता असें ठरलें. मुंबईंत व दापोलीस मेलेल्या कावळ्यांतहि तोच रोग आढळल्याचें त्याच सुमारास वर्तमानपत्रांत आलें. त्याच महिन्यांत एके सकाळीं आमच्या चिंचेखालीं एक कावळा मरून पडलेला दिसला. मीं कुदळीनें खड्डा करून त्यास पुरलें, हात धुतले आणि चहा घेत बसलों. कोणास कळविलें नाहीं, कीं तारीखहि टिपून ठेविली नाहीं. पुढें या रोगाचा इतिहास वाचूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें, कीं मीं जें केलें तेंच जगानेंहि या बाबतींत फार काळ केलें आहे.

या इतिहासाचा आरंभ कोंबडीपासून होतो. कोंबडीस धनी असतो. ती मेली म्हणजे कोणाचें तरी नुकसान होतें, म्हणून तिच्या मरणाची नोंद होते. १८७८ सालीं इटलींतील पेर्रोन्चितो नांवाच्या पशुवैद्यकशास्त्रज्ञानें कोंबड्यांच्या एका भयंकर मरीचें वर्णन केलें. ही मरी आणि माणसाचा इन्फ्ल्यूएंझा यांचा कांहीं संबंध असेल, अशी शंका त्या काळीं कोणास आली नाहीं. १९१८ सालीं आपल्या घराघरांतून माणसें नेणाऱ्या, लोकांनीं ‘मानमोडी’ म्हणून ओळखलेल्या साथीनंतरहि ती आली नाहीं. १९५५ सालीं जर्मनींतील शेफर या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें, कीं कोंबड्यांच्या त्या जुन्या मरीचा विषाणु इन्फ्ल्यूएंझाच्याच कुळांतला आहे.

त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं, १९६१ सालीं, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरय पक्षी मरून पडूं लागले. सुरय म्हणजे कुरवाच्या जातकुळींतला, परंतु सडपातळ, दुभंगलेल्या शेपटीचा समुद्रपक्षी. सुमारें तेराशें सुरय मेले आणि त्यांच्या शरीरांत इन्फ्ल्यूएंझाचा विषाणु सांपडला. रानटी पक्ष्यांत या रोगानें झालेली, शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलेली ही पहिली मोठी मर होय. समुद्रपक्ष्यांच्या अंगीं ही आपत्ति येऊं शकते, याची सूचना निसर्गानें त्या वर्षींच दिली होती. परंतु सुरयास धनी नव्हता. मर थांबली, निबंध लिहिला गेला, आणि पुढें चाळीस वर्षें ती गोष्ट अभ्यासकांच्या कपाटांत पडून राहिली.

येथें एक भेद सांगणें अवश्य आहे. बदकें, कुरव इत्यादि पाणपक्ष्यांच्या शरीरांत इन्फ्ल्यूएंझाचे सौम्य विषाणु अनादि काळापासून वास करीत आले आहेत व त्यांपासून त्या पक्ष्यांस सहसा मोठी बाधा होत नाहीं. हाच विषाणु हजारों कोंबड्या दाटीनें कोंडलेल्या खुराड्यांत शिरला, म्हणजे एकीकडून दुसरीकडे जातां जातां तो कधीं कधीं उग्र रूप धारण करतो. १९९६ सालीं दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतांत पाळीव हंसांमध्यें असाच एक उग्र विषाणु आढळला. त्याचें शास्त्रीय नांव एच-५ एन-१. दुसऱ्याच वर्षीं हाँगकाँगमध्यें त्याच कुळींतल्या विषाणूनें १८ माणसें आजारी पडलीं व त्यांतील ६ दगावलीं. तेव्हां तेथील सरकारनें बहुतेक सर्व कोंबड्या मारून टाकिल्या. तात्पर्य, रानांतून खुराड्यांत सौम्यपणें आलेला पाहुणा खुराड्यांतून क्रूर होऊन बाहेर पडला. दोष द्यावयाचाच तर तो पांखरांस देतां येत नाहीं.

२००५ च्या उन्हाळ्यांत हा क्रूर पाहुणा चीनमधील चिंघाई सरोवरावर पोहोंचला. तेथें सहा हजारांहून अधिक पाणपक्षी मेले. त्यांत सर्वांत अधिक होते ते पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. आणि त्यांच्याबरोबर तपकिरी डोक्याचे व मोठे काळ्या डोक्याचे कुरवहि होते. हीं नांवें दूरदेशचीं वाटतील, पण हे पक्षी आपल्या ओळखीचे आहेत. पट्टकादंब हिमालय ओलांडून हिवाळ्यांत दख्खनच्या जलाशयांवर उतरतात, आणि या दोन्ही जातींचे कुरव थंडींत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. मुंबईकर ज्यांस हौसेनें खाऊ टाकतात त्या थव्यांत तपकिरी डोक्याचे कुरव पुष्कळ असतात. चिंघाईची बातमी म्हणजे आपल्याच पाहुण्यांच्या माहेरची बातमी होती.

२००६ च्या फेब्रुवारींत हा रोग हिंदुस्थानांत प्रथम आढळला तो आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें. लाखों कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तेथील कुक्कुटपालकांवर मोठा प्रसंग ओढवला. परंतु भरपाई द्यावयाची असल्यामुळें प्रत्येक कोंबडीचा हिशेब झाला. २०२० च्या डिसेंबरांत हिमाचल प्रदेशांतील पोंग जलाशयावर पट्टकादंब हजारोंनीं मेले. तेथें वनखात्याचे लोक अंगरखे व मुखपट्ट्या घालून रोज काठ धुंडाळीत आणि मेलेले पक्षी मोजून पुरीत. धनी नसलेल्या पांखरांची अशी काळजीपूर्वक मोजदाद व्हावी, ही मला या इतिहासांतील आशेची गोष्ट वाटते.

यानंतरची हकीकत मात्र खुल्या समुद्राची आहे. २०२१ च्या उन्हाळ्यांत स्कॉटलंडच्या बेटांवर स्कुआ नांवाचे मोठे समुद्रपक्षी मरूं लागले, आणि २०२२ सालीं तर उत्तर अटलांटिकचे अनेक किनारे मेलेल्या पांखरांनीं भरून गेले. समुद्रपक्षी वर्षाचा बराच भाग पाण्यावर विखुरलेले असतात, परंतु विणीच्या काळीं एकाच कड्यावर हजारोंनीं जमतात. घरट्यास घरटें लागलेलें, चोंचीच्या अंतरावर शेजारी, आणि भोंवतीं विष्ठेचा थर. विषाणूस याहून सोयीची जागा कोणती? स्कुआंस तर इतर पांखरांचीं प्रेतें खाण्याची संवय असते, म्हणून रोग आपण होऊन त्यांच्या पोटांत गेला. ब्रिटनमध्यें पुढें गणना झाली तेव्हां, पाहणी केलेल्या ठिकाणीं स्कुआ सुमारें तीन-चतुर्थांशानें घटल्याचें दिसून आलें.

स्कॉटलंडजवळील बास रॉक हा खडक गॅनेट पक्ष्यांची जगांतील सर्वांत मोठी वसाहत म्हणून प्रसिद्ध होता. २०१४ सालीं तेथें पंचाहत्तर हजारांवर घरटीं मोजलीं होतीं. २०२३ सालीं तीं सुमारें बावन्न हजार भरलीं. रोगांतून वांचलेल्या कांहीं गॅनेटांचे फिके निळे डोळे काळे पडले. गॅनेटाची मादी वर्षांतून एकच अंडें घालते आणि पिल्लूं स्वतः वीण करण्यास सुमारें पांच वर्षें घेतें; म्हणून एका उन्हाळ्यांत गेलेलें धन भरून येण्यास पुष्कळ वर्षें लागतात. हे आंकडे आपल्या हातीं आहेत, कारण त्या खडकावरील घरटीं कोणी तरी आधींपासून मोजीत आलें होतें. पूर्वीचा आंकडा नसेल तर हानीचा आंकडा निघत नाहीं.

याच दृष्टीनें पेरू देशाचें उदाहरण मला मोठें बोधप्रद वाटतें. तेथील पाणकावळे, बूबी व पेलिकन यांच्या विष्ठेचें खत, ज्यास ग्वानो म्हणतात, एकोणिसाव्या शतकांत जहाजें भरभरून युरोपांत जाई. या पक्ष्यांपासून राज्यास उत्पन्न होतें, म्हणून १९०९ सालीं तेथें ग्वानोच्या कारभारासाठीं खास कंपनी स्थापन झाली. बेटांवर पहारे बसले आणि पक्ष्यांची गणना होऊं लागली. २०२२ च्या अखेरीस साथ तेथें पोहोंचली आणि कांहीं महिन्यांत एक लक्षाहून अधिक पक्षी मेले. पुढें समुद्रांतील सस्तन प्राणीहि तिच्या तावडींत सांपडले. २०२३ च्या ऑक्टोबरांत दक्षिण जॉर्जियाजवळील बर्ड आयलंड या बेटावरील स्कुआंमध्यें ती आढळली, म्हणजे पृथ्वीच्या दक्षिण टोंकाच्या उंबरठ्यावर ती येऊन उभी राहिली.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. वेंगुर्ल्यासमोर समुद्रांत खडकांचा एक लहान समूह आहे. तेथें सुरय पक्ष्यांची वीण होते व गुहांतून पाकोळ्यांचीं घरटीं असतात. ॲलन ह्यूम यांनीं १८७५ सालीं त्या खडकांस भेट दिली होती, आणि १९४२ सालीं हुमायून अब्दुलअली यांनीं तेथील सुरय व पाकोळ्या यांविषयीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पत्रिकेंत लेख लिहिला. समुद्रपक्ष्यांच्या अशा वसाहती आपल्या किनाऱ्यावर फार थोड्या आहेत. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यास ओढलेल्या असतां त्या खडकांकडे कोणी फिरकत नाहीं. १९६१ सालीं आफ्रिकेंत जें सुरयांचें झालें तें उद्यां येथें घडलें, तर आपणांस तें कोणत्या वहींतून कळावें?

आपण शहरांत राहणारे सुशिक्षित लोक आहां. खडकावर जाऊन घरटीं मोजा, असें मी आपणांस सांगत नाहीं. परंतु मेलेलें पांखरूं दिसल्यास त्यास उघड्या हातानें शिवूं नये, मुलांस व कुत्र्यामांजरांस त्यापासून दूर ठेवावें, आणि पशुसंवर्धन खात्यास किंवा वनखात्यास वर्दी द्यावी, एवढें कोणासहि करतां येईल. नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेंत जातो व निदान होतें. २०२५ च्या जानेवारींत लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें कावळे मरूं लागले, तेव्हां नमुने तपासले गेले म्हणूनच कारण कळलें.

येरळा नदीवरील येरळवाडीच्या तलावावर हिवाळ्यांत रोहित पक्षी येतात. मी आतां दर थंडींत तेथें जातों आणि किती दिसले तें तारखेसह वहींत लिहून ठेवतों. आंकडे अचूक असतीलच असें नाहीं; माझे डोळे आतां पूर्वींसारखे राहिले नाहींत, म्हणून शेजारच्या एका विद्यार्थ्यास बरोबर नेतों आणि आम्हीं दोघेहि निरनिराळे मोजतों. वहीचें पहिलें पान मात्र रोहितांचें नाहीं. त्यावर मीं लिहिलें आहे: “जानेवारी २०२१, औंध, कावळा एक, मृत. दिनांक आठवत नाहीं. कळविलें नाहीं.”